चार बोटं अलीकडे

सर, काकूंनी भूमचं घर सोडलं. गेल्या आठवड्यात सामान आवरून त्या बार्शीला मुलाकडे राहायला गेल्या. जायच्या आधी मला फोन केला, "एकदा येऊन जा पोरी, तुजी एक वस्तू हाय हितं." मी दोन दिवस कामाचं निमित्त सांगून टाळलं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, या सोळा वर्षांत मी तुमच्या दारात पाऊल टाकलं नाही, मग आता कुठल्या तोंडानं जायचं, असं मनात होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला तेव्हा गेले. ती वस्तू आता माझ्यासमोर टेबलावर आहे आणि तिच्याकडे बघून बघून शेवटी मी वही उघडली. आज रविवार आहे, दुपारचे अडीच वाजलेत. धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात वरच्या मजल्यावर माझा कराटेचा क्लास चालतो, तिथं मी एकटी बसले आहे. सकाळी पट्ट्यांची परीक्षा झाली, पोरं आणि पालक घरी गेले, खाली संध्याकाळच्या हळदीसाठी खुर्च्या ओढल्याचा आवाज येतोय. साठेक प्रमाणपत्रांवर सह्या करायच्या राहिल्यात. हात चालत नाही.

दमले आहे मी, सर. गुडघे दुखतात, पण ही दमणूक गुडघ्यांची नाही. आज परीक्षेला बसलेली सगळी मुलं पास झाली. मागच्या वेळीही सगळी झाली होती. माझ्याकडे दहा रंगांचे पट्टे आहेत. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा असे, आणि पोरांनी मध्येच कंटाळून सोडू नये म्हणून टोकाला चिकटपट्टी मारलेले अर्धे रंगही आहेत. दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा. सकाळी एक आई मुलाला पुढे करून म्हणाली, "मॅडम, दहावीच्या आत ब्लॅक व्हायला पाहिजे बरं का, खेळाचे मार्क धरायचेत." मुलाला वाकून नमस्कार करायचा कंटाळा, चपला पायातून सुटल्या तिथंच दारात उलट्यापालट्या. मी "बघू" म्हणाले. आजकाल मी सगळ्यांनाच बघू म्हणते. सरावात कुणाला जोरात लागलं तर फवारा मारते, पाणी देते आणि पुढची जोडी उभी करते. कसं लागलं ते विचारत नाही. विचारलं की उत्तर ऐकून घ्यावं लागतं, आणि ऐकलं की काहीतरी करावं लागतं.

तुमचा क्लास बाजारतळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. तुम्ही एसटीच्या डेपोत मेकॅनिक, संध्याकाळी ड्युटी संपवून तसेच यायचात, हाताला रॉकेलचा वास असायचा. तरुणपणी पुण्यात कारखान्यात होता तेव्हा तिथं शिकलात आणि गावाकडे परतताना ते बरोबर घेऊन आलात. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी त्या शेडच्या फरशीवर कांद्याची टरफलं आणि मिरचीचा खकाणा असायचा. आधी अर्धा तास झाडायचं, मग पाणी मारायचं, तरी जोर काढायला खाली गेलं की सगळी रांग शिंकायला लागायची आणि तुमचा आकडा चुकायचा. आम्ही वाकून कराटेतला नमस्कार म्हणून "ओस" म्हणायचो, पण आमच्या तोंडी त्याचा ऊसच व्हायचा. शेजारी कडबा विकायला बसणारी म्हातारी एकदा तुम्हाला म्हणाली, "कामून वरडायलीत ही लेकरं ऊस ऊस? हितं ज्वारी येईना झालीय." तुम्ही हसलात आणि आमच्याकडे वळून म्हणालात, "तोंड गोल करा रे. ऊस न्हाय, ओस. आन शेड मात्र ओस पाडू नका." मी अकरा वर्षांची होते, मला ते वाक्य घरी गेल्यावर कळलं.

आणि पट्टे. तुमच्याकडे पट्टे चारच रंगांचे होते, कारण काकूंच्या पातेल्यात तेवढेच निघायचे. प्रत्येकाला सुरुवातीला एकच पांढरा पट्टा, जाड कापसाचा, आणि तोच जन्मभर. पास झालं की तोच पट्टा पुढच्या रंगात बुडवायचा. पांढऱ्यावर पिवळा चढतो, पिवळ्यावर निळी पुडी टाकली की हिरवा होतो, हिरव्यावर लाल टाकली की तपकिरी, आणि तपकिरीवर काळा. नारिंगी आणि निळा आमच्याकडे नव्हताच, जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलो की लोक विचारायचे, तुमचे मधले पट्टे कुठं गेले. सगळ्यात पहिल्या वर्षी तुम्ही पिवळ्यासाठी हळद वापरली होती म्हणे. पोरांच्या आयांनी पट्टे साबणानं धुतले आणि दोरीवर सगळे लालभडक. त्या दिवशी गल्लीत अख्खा क्लास लाल पट्ट्याचा झाला होता, हे काकू पदर तोंडाला लावून सांगायच्या. मग तुम्ही किराणा दुकानातली रंगाची पुडी आणायला लागलात. ॲल्युमिनियमचं पातेलं, मूठभर मीठ, उकळी. आधी पट्ट्याचं नुसतं टोक, चार बोटांएवढं, बुडवून दोरीवर वाळवायचं, उजेडात रंग बघायचा, पसंत पडला तरच दुसऱ्या दिवशी सगळा पट्टा आत. कुणी घाई केली तर म्हणायचात, "रंग चढवता येतो, उतरवता येत न्हाय. म्हणून मी टोक बघतो."

परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापले पट्टे तुमच्याकडे जमा करायचे. परीक्षा बिनपट्ट्याची. जॅकेटला साधी नाडी बांधून लहानमोठे सगळे एका रांगेत. सकाळी परीक्षा, आणि संध्याकाळी पास झालेल्यांच्या हातात ओला पट्टा, जो बांधला की जॅकेटवर डाग पडायचा. तो डाग आम्ही आठवडाभर मिरवायचो. माझं जॅकेट तुमचंच जुनं होतं, काकूंनी मशीनवर आखूड करून दिलेलं. ते मला कशामुळे मिळालं हे तुम्हाला आठवत असेल. मी बारा वर्षांची असताना हवेत लाथ मारून दाखवायच्या नादात माझ्याकडून चहाच्या हॉटेलवाल्याचा रांजण फुटला. तुम्ही सगळ्यांना उभं केलंत. "कुणी फोडला? मी एकदाच इचारतो." हे तुमचं नेहमीचं होतं, दुसऱ्यांदा विचारायचंच नाही. मी हात वर केला. तुम्ही "बरं" म्हणालात, मला हॉटेलवाल्यासमोर नेलंत, आणि महिनाभर सरावाआधी हापशावरून त्याला दोन घागरी पाणी आणून द्यायला लावलंत. महिना संपला त्या दिवशी ते जॅकेट दिलंत. का दिलं ते बोलला नाहीत. काकूच म्हणाल्या, "खरं बोललीस म्हनून हाय त्ये."

माझे चुलते तेव्हा आमच्या घरचे कर्ते होते. पोरीच्या जातीला लाथा मारायला शिकवतोय हा मास्तर, असं त्यांनी गावभर केलं आणि माझं येणं बंद केलं. तुम्ही डेपोतून खाकी कपड्यांवरच आमच्या घरी आलात, ओट्यावर बसलात, चहा घेतलात. चुलते काहीबाही बोलत होते ते सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "मारायला न्हाय शिकवत मी. थांबायला शिकवतो. मारायला येतंच की सगळ्यांना."  दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये होते. क्लासात त्या वेळी दोनच मुली होत्या आणि दुसरीचं लग्न ठरल्यावर मी एकटीच राहिले.

थांबायचं म्हणजे चार बोटं अलीकडे. समोरच्याच्या नाकावर येणारी मूठ पूर्ण जोरात यायला हवी आणि नाकाच्या चार बोटं अलीकडे थांबायला हवी. जोर कमी केलेला तुम्हाला चालायचा नाही आणि अंतर चुकलेलंही. तुम्ही मध्ये आपला हात आडवा धरून मोजायचात. सहा-सात वर्षांत मला ते असं बसलं की डोळे मिटूनही चुकत नव्हतं. एकदा पाहुण्यांसमोर तुम्ही स्वतः समोर उभे राहिलात, माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधलात आणि म्हणालात, "मार." वीस वेळा मारलं. वीसही वेळा तुमची चार बोटं मध्ये बसली. पाहुण्यांना तुम्ही म्हणालात, "हिचा हात चुकत न्हाय." माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक दुसऱ्या कुणी केलेलं नाही, सर, आणि पुढं त्याच वाक्यानं माझा घात केला.

मी एकोणीस वर्षांची, तपकिरी पट्ट्याची, काळ्याच्या परीक्षेला बसले ते वर्ष. बँकेत बदलून आलेल्या साहेबांची मुलगी दोन महिन्यांपूर्वी आपल्याकडे यायला लागली होती. मोठ्या शहरात शिकलेली, दुकानातलं पांढरंशुभ्र कडक जॅकेट, कमरेला निळा पट्टा. तो रंगच आपल्याकडे नसल्यामुळे तिला कुठं उभं करायचं हा प्रश्न होता, तुम्ही तिला हिरव्यांच्या शेजारी उभं केलं. पोरगी वाईट नव्हती. आदल्या दिवशी दुपारी पट्टे जमा करायला आम्ही शेडमध्ये होतो, तुम्ही यायचे होता. चादरीवर पट्ट्यांचा ढीग. तिनं माझा पट्टा दोन बोटांत धरून उचलला, उजेडाला धरला आणि म्हणाली, "हा पट्टा आहे? मला वाटलं चहाचं फडकं." सगळे हसले. खरं होतं की ते. हिरव्यावर लाल चढवून आलेला तो रंग, कुठं गडद, कुठं फिका, चहा गाळून गाळून झालेल्या फडक्यासारखाच दिसत होता. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. मग तुम्ही आलात, ढीग उचललात, पिशवीत भरलात आणि सायकलला लावून घरी गेलात. मी बाजारतळावरून घरी येईपर्यंत हसतच होते, आणि घरी आल्यावर माय म्हणाली, "काय झालंय, तोंड का असं केलंस?"

सकाळी परीक्षा. तुम्ही जोड्या लावता आहात. मी आणि ती समोरासमोर. सगळे बिनपट्ट्याचे, नाडी बांधलेले, म्हणजे बघणाऱ्याला आम्ही दोघी सारख्याच. ती जरा हसते, मैत्रीचंच हसते, आता वाटतं. तुमचा आवाज येतो. माझा उजवा हात जातो आणि थांबत नाही. तिचा ओठ फाटतो, ती खाली बसते, फरशीवर पुढच्या दाताचा तुकडा पडतो. आदल्या दिवशी बाजार होऊन गेलेला नव्हता, फरशी स्वच्छ होती, म्हणून तो तुकडा लगेच दिसला. तुम्ही तिच्या तोंडाला स्वच्छ रुमाल लावलात, रिक्षा बोलावलीत, दोन मोठ्या मुलांबरोबर दवाखान्यात पाठवलंत. मग माझ्याकडे आलात. अगदी जवळ उभे राहिलात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.

"चुकून लागलं का?"

"हो सर. चुकून लागलं."

तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंत. तोंडाकडे नाही, हाताकडे. मग "बरं" म्हणालात. रांजणाच्या वेळीही तुम्ही "बरं"च म्हणाला होता, पण या वेळचं बरं वेगळं होतं. परीक्षा पुढं सुरू झाली. मी त्या दिवशी सगळे काता, एकट्यानं करायचे ते ठरलेले डाव, इतके चांगले केले की पुढं मला तसे कधी जमले नाहीत. तुम्ही वहीत बघत होता.

संध्याकाळी तुमच्या घरासमोर सगळे जमलो. काकूंनी ओले पट्टे परातीत आणले, तुम्ही एकेकाला बोलावून दिलेत. परात रिकामी झाली. सगळे गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "तुजा पट्टा राहू दे माज्याकडं. कदी सांगावंसं वाटलं तर ये." मी म्हणाले, "काय सांगायचं सर? सांगितलं की." तुम्ही चपला घालून डेपोकडे निघून गेलात, रात्रपाळी होती का नव्हती कोण जाणे. मला इतका राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. दुसऱ्या दिवशी आले नाही, तिसऱ्या दिवशी आले नाही. महिन्याभरात मी सोलापूरला एका क्लासात नाव घातलं आणि पुढच्या परीक्षेत तिथं काळा पट्टा मिळाला. दुकानातला, कोरा, त्यावर सोनेरी दोऱ्यानं माझं नाव. तो कधीच कशावर डाग पाडत नाही.

यानंतरचं लिहायला मला सगळ्यांत जड जातंय. लोक विचारायचे, भूमच्या सरांना का सोडलं? पहिल्यांदा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मग एकदा कुणीतरी स्वतःहूनच म्हणालं, मुलगी पुढं गेलेली खपली नसेल त्यांना. मी नाही म्हणाले नाही. त्यानंतर मीच तसं सांगायला लागले. आधी जरा कचरत, मग सराईतपणे. माझा क्लास सुरू झाल्यावर महिला दिनाच्या पुरवणीत माझी मुलाखत आली. त्यात छापून आलं की माझ्या पहिल्या शिक्षकांनी मी मुलगी म्हणून मला काळा पट्टा नाकारला. त्या पत्रकार मुलीनं आपल्या मनानं घातलेलं नव्हतं ते, मी सांगितलेलं होतं. गावभर एकट्या मुलीला शिकवणारा म्हणून ज्यांनी ऐकून घेतलं, माझ्या चुलत्यांच्या ओट्यावर येऊन बसले, त्यांच्याबद्दल मी हे सांगितलं. तुमचं नाव नव्हतं त्यात, पण भूममध्ये कराटेचे सर एकच होते.

त्यानंतर तुम्ही मला एकदाच भेटलात, परंड्याच्या स्टँडवर. मी एका शाळेत प्रात्यक्षिक दाखवून परत निघाले होते, तुम्ही कुठल्याशा बिघडलेल्या गाडीच्या मागं आला होता, हात काळे. केस पार पांढरे झालेले. मला वाटलं आता मुलाखतीचं काढतील. तुम्ही विचारलंत, "जेवलीस का?" मी हो म्हणाले. मग म्हणालात, "पट्टा हाय बरं का माज्याकडं." मी म्हणाले, "गाडी लागली सर, निघते." गाडी लागली नव्हती. मी रसवंतीच्या मागं जाऊन अर्धा तास उभी राहिले, तुम्ही जाईपर्यंत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. निरोप शनिवारी आला, रविवारी माझ्याकडे परीक्षा होती. मुलं लांबून लांबून आलीत, ईट गावाहून एसटीनं आलीत, आता पुढं कशी ढकलणार, असं मी स्वतःलाच सांगितलं आणि त्या दिवशीही सगळ्यांना पास केलं.

आणि आता हे. काकूंच्या स्वयंपाकघरात सगळं सामान पोत्यात भरलेलं, एक चूल आणि एक तवा तेवढा बाहेर. मी नको नको म्हणत असताना त्यांनी भाकरी टाकल्या आणि टोपल्यात ठेवताना क्लासातल्या जपानी आकड्यांत मोजल्या, इच, नी, सान, शी. तुमच्यामुळे त्यांना दहापर्यंत येतं, पुढचं येत नाही, दहाच्या वर भाकरी कुणासाठी करायच्यात आता, म्हणाल्या. रंगाचं पातेलं अंगणात होतं, कोंबड्यांना पाणी ठेवायला. त्याच्या कडेला अजून रंगांचे थर दिसतात. काकूंनी ट्रंकेतून माझा पट्टा काढला आणि हातावर ठेवला. तुमच्यासारखी घडी, मधोमध, दोन्ही टोकं जुळवून. मी उलगडला. तपकिरी, कुठं गडद, कुठं फिका, चहाचं फडकं. आणि एका टोकाला चार बोटं काळं.

मला काही कळलं नाही. मी म्हणाले, "काकू, हे कधी बुडवलं? मी तर नापास झाले होते."

"परीक्षेच्या आदल्या दिशी," काकू म्हणाल्या. "टोक आदल्या दिशीच बुडवायचे की त्ये. परीक्षा निस्ती नावाला. वर्षभर बगत्यात न्हाय का मास्तर, त्येंचं ठरल्यालं असायचं. ज्याला नापास करायचं त्येचा पट्टा भांड्याजवळ न्यायचेच न्हाईत. तुजा तेवढा एकच अर्धा राहिला बग."  त्या भाकरीचं पीठ हाताचं काढत राहिल्या. "त्या दिशी काळा रंग लई बसला म्हनून दोन डाव उन्हात नेऊन बगितलं त्येंनी. मला म्हनले, भूमची पैली पोरगी हाय काळ्या पट्ट्याची. हसत हुते."

"माझ्याबद्दल नंतर काही बोलले का?"

"म्या इचारलं हुतं की, पोरीनं काय केलं म्हनून. तर म्हनले, ती सांगंल." काकूंनी ताटात भाकरी वाढली. "पेपरात तुजा फोटू आल्ता, तवा शेजारच्यानं समदं वाचून दावलं त्येस्नी. मला राग आला बाई, खोटं कशाला बोलू. त्ये म्हनले, फोटू चांगला आलाय."

मी ती भाकरी कशी खाल्ली मला माहीत नाही. सकाळी परीक्षा आणि संध्याकाळी ओले पट्टे, म्हणजे टोकं आदल्या दिवशीच वाळलेली असणार, एवढा साधा हिशेब आठ वर्षं शेडमध्ये येऊनही माझ्या डोक्यात आला नव्हता. ती मुलगी माझा पट्टा उजेडाला धरून हसली, तुम्ही ढीग घेऊन घरी गेलात, आणि मी घरी तोंड वाकडं करून बसले होते तेव्हा तुम्ही त्याच फडक्याचं टोक काळ्या रंगात बुडवून उन्हात नेऊन बघत होता. मी पास झालेली होते, सर. सकाळी मूठ उगारली तेव्हा मी पास झालेली होते. तुम्ही विचारलंत त्या क्षणीसुद्धा बहुतेक पातेल्याखाली जाळ घालायचं ठरलेलंच होतं.

इतकी वर्षं मी स्वतःची एक समजूत घालत आले. खरं सांगितलं असतं तर ती काय म्हणाली तेही सांगावं लागलं असतं, काकूंच्या पातेल्यातून निघालेल्या पट्ट्यांना पोरं हसतात हे तुम्हाला कळलं असतं, म्हणून मी खोटं बोलले, तुम्हाला जपण्यासाठी बोलले. अर्धवट खरं आहे ते. पण मीही हसले होते, आणि तिच्या तोंडावर मी तुमच्या पट्ट्यासाठी मारलं का माझ्या लाजेसाठी, हे मला आजही सांगता येत नाही. तिला मी कधी भेटायला गेले नाही. साहेबांची बदली झाली, ती गेली. दात बसवून घेतला असेल. तिचा हसरा चेहरा आठवला की मी लगेच काहीतरी काम काढते.

खाली हळदीचा मांडव लागला, कुणीतरी माईक तपासतंय. सह्या अजून व्हायच्यात. पुढच्या परीक्षेत कुणाला लागलं तर मी विचारेन, असं लिहावंसं वाटतंय, पण ते लिहून काय उपयोग, मला माझी खात्री नाही. पट्टा रंगवायचा नाही एवढं मात्र ठरवलंय. पुडी कुठल्याही दुकानात मिळते, तरी नाही. हा कागद त्याच्याच घडीत ठेवेन आणि तो कपाटात. तुमच्यापर्यंत पोचवायचं म्हटलं तरी आता कुठं पोचवणार, काकूंचं घरसुद्धा बंद झालं. तुम्ही एकदाच विचारायचात, आणि मला चोवीस वर्षं लागली. हिचा हात चुकत नाही, असं तुम्ही पाहुण्यांना सांगितलं होतं ते बरोबर होतं. चार बोटं कुठं संपतात ते मला कळलं होतं, आणि मी पुढं गेले, आणि तो तुकडा फरशीवर पडलेला बघून मला बरं वाटलं.

चुकून लागलं का, विचारलं होतंत.

नाही, सर.